"काहीच वापरत नाही, पण ट्रायही करत नाहीये" – मग ते धरायचं का?

प्रश्न थोडक्यात असा होता: वय 31, लग्नाला दीड वर्ष झालं, सुरुवातीपासून काहीच वापरलेलं नाही पण मूल हवंच असंही ठरवलेलं नाही, झालं तर झालं. आता आई म्हणते डॉक्टरांना दाखव. नवरा म्हणतो आपण चान्स घेतच नाहीये तर दाखवायचं काय. आणि प्रश्न विचारणारीला कळत नाहीये की हेतूच नव्हता तर ते दीड वर्ष मोजायचं की नाही.

मी तालुक्याच्या गावात चोवीस वर्षं स्त्रीरोगाची प्रॅक्टिस करतेय आणि हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते, त्यामुळे जरा लांबच उत्तर देते.

पहिलं सरळ उत्तर. मोजायचं. शरीराला तुमचा हेतू कळत नाही. बीज बाहेर पडलं की ते 12 ते 24 तास जिवंत राहतं, शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत टिकतात, म्हणजे महिन्यात साधारण सहा दिवस असे असतात की तेव्हा संबंध आले तर दिवस जाऊ शकतात. त्या सहा दिवसांत तुम्ही "बाळ हवं" म्हणून जवळ आलात की पाऊस पडत होता, लाईट गेली होती म्हणून आलात, याने काडीचा फरक पडत नाही. काहीही न वापरणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी साधारण 85 बायकांना वर्षभरात दिवस जातात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत 12 महिने नियमित, काहीही न वापरता संबंध असूनही दिवस न जाणं याला वंध्यत्व म्हणतात, त्यात "इच्छा असूनही" असा शब्दच नाहीये. बाईचं वय 35 च्या पुढे असेल तर आम्ही बारा महिने थांबत नाही, सहा महिन्यांतच तपासण्या सुरू करतो.

पण.

त्या व्याख्येतला "नियमित" हा शब्द सगळे गिळून टाकतात आणि हेतू नेमका तिथून आत येतो. शरीराला हेतू कळत नाही हे खरं, पण तो वागण्यात उतरतो आणि वागणं शरीराला बरोबर कळतं. एक जोडपं माझ्याकडे आलं होतं (ओळख पटू नये म्हणून या आणि पुढच्याही गोष्टींतले तपशील बदललेत), दोन वर्षं काही वापरत नव्हते, सासूने ताबीजही बांधून झालेला. नवरा चाकणला कंपनीत, शनिवारी रात्री येणार आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत, त्यात तीनपैकी दोन शनिवारी ओव्हरटाइम. मी तिला म्हटलं पाळीच्या तारखा सांग. तिने मोबाईल काढला नाही, पर्समधून गॅस एजन्सीचं छोटं कॅलेंडर काढलं, त्यावर लाल पेनाने गोल केलेले. आम्ही दोघींनी टेबलावर बसून त्या गोलांच्या पुढे त्याचे शनिवार मांडले. तिची पाळी पस्तीस दिवसांची, म्हणजे बीज साधारण एकविसाव्या दिवशी सुटणार, कारण पुढच्या पाळीच्या आधी साधारण चौदा दिवस असा तो हिशोब असतो, पाळी आल्यापासून चौदा दिवस असा नसतो. त्या दोन वर्षांतल्या चोवीस महिन्यांपैकी योग्य दिवसांत तो घरी असल्याचे महिने भरले सात. सात! आणि ती बिचारी दोन वर्षं स्वतःला वांझ समजत होती. तिच्या बाबतीत दोन वर्षं मोजायची की सात महिने? मी सात धरले.

दुसरा प्रकार याच्या उलटा. "आम्ही काहीच वापरत नाही मॅडम" असं म्हणणाऱ्यांना जरा खोदून विचारलं की निघतं, "म्हणजे तसं ते बाहेर काळजी घेतात", नाहीतर "तारखा बघतो". अहो मग ते काहीच न वापरणं नाही झालं! बाहेर काढणं ही पद्धत आहे, तारखा बघणं हीसुद्धा पद्धत आहे, फक्त मेडिकलमधून विकत आणावी लागत नाही म्हणून लोक तिला पद्धत म्हणत नाहीत. बाहेर काढण्यावर अवलंबून असलेल्या शंभर जोडप्यांत वर्षाला साधारण वीस जणींना दिवस जातात. म्हणजे भरवशाची अजिबात नाही, पण काहीच न करण्याच्या 85 पेक्षा खूप कमी. तेव्हा तुमच्या घरात असं काही चालत असेल तर तुमचं दीड वर्ष मी दीड वर्ष म्हणून मोजणार नाही. हे तुम्ही डॉक्टरला स्पष्ट सांगायला हवं आणि डॉक्टरनेही स्पष्ट विचारायला हवं, आमच्यातलेच कितीतरी जण हे विचारायला लाजतात आणि थेट सोनोग्राफी लिहून देतात.

तर वैद्यकीय हिशोब हा झाला. पण तुमच्या मेसेजमध्ये मला दुसरंच दिसलं. तुम्ही लिहिलंय "आम्ही ठरवलेलं नाही" आणि पुढच्याच ओळीत "नवरा म्हणतो आपण चान्स घेत नाहीये". तुम्ही काय म्हणता ते कुठेच नाहीये.

माझ्या अनुभवात "झालं तर झालं" हे वाक्य जोडप्यातला एकच जण बोलतो. दुसऱ्याच्या मनात एक ठाम उत्तर असतं आणि तो किंवा ती गप्प असते. एकाच घरात एकजण चान्स घेत असतो आणि दुसरा घेत नसतो. चौदा महिने "राहत नाहीये" म्हणून एक जोडपं आलं होतं. नवरा फार साधा आणि चांगला माणूस, सगळे रिपोर्ट फाईलमध्ये क्रमाने लावलेले, स्वतःची तपासणीही आधीच करून आलेला, आणि हे आमच्याकडे दुर्मिळ. तिचे रिपोर्ट नॉर्मल, त्याचेही नॉर्मल. मी नेहमीप्रमाणे तपासायच्या निमित्ताने तिला एकटीला आत घेतलं आणि विचारलं, तुला मूल हवंय का गं? ती टेबलावरच्या चादरीची घडी नीट करत बसली, नंतर म्हणाली, मॅडम मी ती गोळी घेते. कुठली? मेडिकलमध्ये मिळते ती, बहात्तर तासांची. महिन्यातून दोनदा-तीनदा घेत होती, चौदा महिने. बी.एड.चं शेवटचं वर्ष, घरात सगळ्यांना नातू हवा, नवरा इतका आशेने वाट बघणारा. "मला नाही म्हणता आलं नाही, म्हणून गोळी घेत गेले."

मी त्याला काही सांगितलं नाही, ते सांगणं माझं काम नव्हतं. तिला आधी त्या गोळीबद्दल सांगितलं. तिच्यात लेव्होनॉर्जेस्ट्रेल असतं 1.5 मिलिग्रॅम, ती बीज सुटणं लांबवते, राहिलेला गर्भ पाडत नाही, आणि ती एखाद्या वेळी चूक झाली तर घ्यायची आहे, नेहमी घेण्यासाठी नाही, कारण नेहमीच्या साधनांपेक्षा ती कमी भरवशाची आहे आणि पाळीचं वेळापत्रक पार विस्कटतं. मग तिला विचारलं, परीक्षा कधी आहे? एप्रिलमध्ये होती. तीन आठवड्यांनी दोघं परत आले, तिने घरी काय आणि कसं सांगितलं मला माहीत नाही, पण तोच म्हणाला, "मॅडम, एक वर्ष थांबायचंय, काय वापरू?" तांबी बसवली. वर्षाने काढली.

इथे हेतूला अर्थ होता की नाही? माझ्या मते सगळा अर्थ तिथेच होता. त्या चौदा महिन्यांत त्या दोघांच्या शरीरात काही बिघडलेलं नव्हतं.

आपल्याकडे हा वाद जुनाच आहे म्हणा. 1935 च्या डिसेंबरमध्ये संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या अमेरिकन मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटल्या होत्या. गांधीजींचं म्हणणं होतं की संबंध अपत्यासाठीच असावेत, त्याशिवाय ते विकार. म्हणजे त्यांच्या लेखी हेतू हेच सर्वस्व. त्याआधी मुंबईत र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं आणि 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत होते, त्यापायी प्राध्यापकाची नोकरी गेली, खटले अंगावर आले. त्यांचा आग्रह असा की शरीरसुख आणि अपत्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बाईला दोन्हींबद्दल वेगवेगळं ठरवता आलं पाहिजे. मी कर्व्यांच्या बाजूची आहे हे लपवत नाही. पण गांधीजींच्या म्हणण्यातला एक भाग मला ओपीडीत रोज खरा वाटतो, की आपण काय करतोय ते जाणून करावं. न ठरवता राहणं हाही एक निर्णय असतो, तो बहुतेक घरांत सासू, नवरा आणि कॅलेंडर मिळून घेतात, बाई सोडून.

संशोधनातसुद्धा आता नुसतं "हवं होतं / नको होतं" असं विचारत नाहीत. लंडन मेझर नावाची, दिवस गेलेल्या बायकांना विचारायची एक सहा प्रश्नांची प्रश्नावली आहे. तेव्हा काही वापरत होता का, वेळ योग्य वाटली का, मनात इच्छा होती का, मूल हवं असं वाटत होतं का, जोडीदाराशी बोलणं झालं होतं का, आधी काही तयारी केली होती का. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, एकूण 12. दहा किंवा जास्त म्हणजे ठरवून, तीन किंवा कमी म्हणजे न ठरवता, आणि चार ते नऊ म्हणजे अधलीमधली अवस्था. मला ही प्रश्नावली आवडते कारण ती मान्य करते की माणसं मध्ये असतात. मध्ये असणं हा गुन्हा नाही, तुम्हीही बहुधा तिथेच आहात. फक्त सहावा प्रश्न नीट वाचा, तयारी. मध्ये असणाऱ्यांचं खरं नुकसान तिथे होतं.

कारण असं की मूल हवंय म्हणणारी बाई माझ्याकडे आधी येते, मी तिला फॉलिक ॲसिड सुरू करते, थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन बघते. मूल नकोय म्हणणारी काहीतरी वापरते. "झालं तर झालं" वाली दोन्ही करत नाही. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून 28 दिवसांच्या आत बंद होते, म्हणजे पाळी चुकून फार तर दोन आठवडे झालेले असतात, तोवर कित्येकींना संशयही आलेला नसतो. त्यानंतर घेतलेली फॉलिक ॲसिडची गोळी त्या नळीसाठी उशिराची झाली. दिवसाला 400 मायक्रोग्रॅम पुरतं (आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल, किंवा फिटची औषधं चालू असतील तर डोस वेगळा, तो विचारूनच घ्या), आणि ते दिवस जायच्या किमान महिनाभर आधीपासून चालू हवं. काही वापरत नसाल तर आजपासून घ्या, मूल हवं की नको ते नंतर ठरवा. ही गोळी घेतली म्हणजे काही कबूल केलं असं होत नाही.

औषधांचंही तसंच. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्या मुली येतात, त्वचेच्या डॉक्टरने विचारलेलं असतं "प्रेग्नन्सी प्लॅन करताय का" आणि यांनी खरं उत्तर दिलेलं असतं, "नाही". पण वापरतही काही नसतात! प्रश्न चुकला तिथे. "दिवस जाऊ शकतात का" असं विचारायला हवं होतं. ते औषध गर्भाला अतिशय घातक आहे, बंद केल्यावरही किमान महिनाभर थांबावं लागतं. फिटसाठीचं व्हॅल्प्रोएट, काही ब्लड प्रेशरच्या गोळ्या यांचंही तेच, फक्त या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत, ज्यांनी दिल्यात त्यांना जाऊन सांगायचं की मी काही वापरत नाहीये.

आणि ज्यांचा हेतू पक्का "नको" असतो पण तरीही काही वापरत नाहीत, त्यांच्याबद्दल. बाळ अंगावर पितंय, पाळी आलेली नाही, म्हणून बिनधास्त. नऊ महिन्यांचं पोर कडेवर घेऊन एक आली होती, तक्रार काय तर पोटात गॅस फिरतो. सोनोग्राफीत अठरा आठवडे. ती स्क्रीनकडे बघतच राहिली आणि म्हणाली, "पण आम्हाला नको होतं ना मॅडम." अंगावर पाजण्याचं संरक्षण तीन अटी एकदम पाळल्या तरच असतं: पाळी अजिबात आलेली नसावी, बाळ फक्त आणि फक्त अंगावरच्या दुधावर असावं (रात्रीसुद्धा), आणि बाळ सहा महिन्यांच्या आतलं असावं. एक अट तुटली की संपलं, आणि पाळीच्या आधी बीज सुटतं म्हणून पाळी यायची वाट बघण्यात अर्थ नाही. तिला मी गर्भपाताचा कायदा काय म्हणतो तेही सांगितलं, कारण पुष्कळ जणींना वाटतं नवऱ्याची सही लागते. लागत नाही, 18 वर्षांवरच्या बाईची स्वतःची संमती पुरते. 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, 20 ते 24 मध्ये ठराविक परिस्थितीत दोन डॉक्टरांचं. आणि बघा, कायद्यातही हेतूला जागा आहे: वापरलेलं साधन फसून दिवस गेले तर त्याचा मनस्ताप हीच मानसिक आरोग्याला गंभीर इजा असं धरता येतं, आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर यासाठी बाई विवाहित असण्याची अट राहिलेली नाही. काहीच न वापरणारीलाही दार बंद नसतं, तिच्या परिस्थितीचा आणि मनाचा विचार डॉक्टर करू शकतात. तिने दोन दिवस घेतले आणि ठेवायचं ठरवलं. मुलगी झाली.

त्याच बाईने मला सातव्या महिन्यात विचारलं होतं, मला नको होतं हे पोटातल्या बाळाला आतून कळलं असेल का? इथे मला फार मनापासून सांगायचंय कारण या एका समजुतीने मी बायकांना वर्षानुवर्षं रडताना बघितलंय. नाही कळत. तसंच, आपोआप गर्भपात झाल्यावर "मला नक्की हवं नव्हतं, म्हणून गेलं का" असं विचारतात. नाही. पहिल्या तीन महिन्यांत आपोआप पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याहून जास्त गुणसूत्रांच्या दोषामुळे पडतात, तो दोष गर्भ तयार होतानाच असतो, तुमच्या मनाचा तिथे हात पोचत नाही. आणि याच्याच दुसऱ्या टोकाला "टेन्शन सोड, इच्छा सोड, मग राहील" असं सांगणारे. रोजच्या टेन्शनने बीज वाहून नेणाऱ्या नळ्या बंद होत नाहीत. शुद्ध हेतूने, अमुक मंत्र म्हणून राहिलेलं मूल हुशार निघतं असं सांगून हजारो रुपयांचे गर्भसंस्काराचे कोर्स विकले जातात, त्याला काही आधार नाही. त्या पैशांत अंडी, भाज्या आणि दोन रक्ततपासण्या होतात.

आता तुमच्याकडे परत येते. आईचं बरोबर आहे आणि नवऱ्याचंही अर्धं बरोबर आहे. दीड वर्ष दोघं एकत्र राहत असाल, आठवड्यातून दोन-तीनदा संबंध असतील, बाहेर काढणं, तारखा असलं काही नसेल, तर मूल आज हवंय की पाच वर्षांनी हा प्रश्न बाजूला ठेवून तपासणी करून घ्या. तपासणी म्हणजे ट्रीटमेंट सुरू करणं नव्हे. उद्या मूल हवंसं वाटलं आणि तेव्हा कळलं की नळ्या बंद आहेत किंवा शुक्राणू कमी आहेत, तर मधली वर्षं परत मिळत नाहीत, आणि वय 31 आहे, 35 नंतर बीजांची संख्या आणि प्रत दोन्ही वेगाने उतरतात. सुरुवात नवऱ्याच्या वीर्यतपासणीपासून करा. सुईसुद्धा टोचावी लागत नाही, स्वस्त आहे, फक्त आधी दोन ते सात दिवस संबंध नकोत, आणि मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या केसेसमध्ये पुरुषाचा काहीतरी वाटा असतो. बाईची लॅप्रोस्कोपी (पोटात दुर्बीण घालून तपासणी) आधी आणि नवऱ्याची साधी तपासणी शेवटी, असं उलटं अजूनही चालतं ते मला बघवत नाही.

आणि तपासणीत सगळं नॉर्मल निघालं, आणि तुम्हाला आत्ता मूल नको असेल, तर मग काहीतरी वापरा. सरकारी दवाखान्यात निरोध, माला-एन गोळ्या, आठवड्याला घ्यायची छाया गोळी (पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा), तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन, तांबी, सगळं फुकट आहे. वर्षा-दोन वर्षांत मूल हवं असण्याची शक्यता असेल तर अंतरा मी सुचवणार नाही, बंद केल्यावर दिवस जायला बऱ्याच महिन्यांचा उशीर होऊ शकतो. तांबी काढली की लगेच मोकळं.

येताना दोघं या. मी आधी तुम्हाला एकटीला विचारेन, मग त्यांना एकट्याला, आणि मगच दोघांना समोर बसवेन. शेवटच्या सहा पाळ्यांच्या तारखा लिहून आणा, ॲपने दाखवलेला अंदाज नको, खरोखर आली त्या दिवसाची तारीख.